पूर्वेच्या रिंगखालची धडक

हदगावात बास्केटबॉल कुणाला ठाऊक नाही असं नाही. शाळेच्या मागे सिमेंटचं एक कोर्ट आहे आणि हंगामात त्यावर कुणी ना कुणी सोयाबीन वाळत घालतंच. व्यंकट तामसेकर हे त्या शाळेचे क्रीडाशिक्षक. सोयाबीनवाल्यांशी भांडून कोर्ट मोकळं करून घेणं हे त्यांचं निम्मं काम, उरलेल्या निम्म्यात पोरं तयार करणं. पण सरांना विचारलं तर ते यातलं काहीच सांगायचे नाहीत. ते म्हणायचे, मी पंच आहे. मास्तरकी पोटासाठी आणि शिट्टी जिवासाठी, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांची बायको ज्ञानेश्वरी तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "लोकं शिव्या चुकवायला दडून बसतात. आमचे हे एसटीचं तिकीट काढून शिव्या खायला जातात." त्यात खोटं काही नव्हतं. रविवार आला की सर पिशवीत काळी पँट आणि करड्या रंगाचा टी-शर्ट घालून निघायचे, कधी नांदेड, कधी लातूर, कधी बिलोलीच्या कुठल्या तरी मंडळाची स्पर्धा. येताना घसा बसलेला आणि चेहरा मात्र सासुरवाडीहून पाहुणचार घेऊन आल्यासारखा.

या खेळात पंचाला सगळ्यात जास्त शिव्या मिळतात त्या एका धडकेवरून. धडक एकच असते, तिची नावं दोन. चेंडू घेऊन आत घुसणारी पोरगी, आधीच पाय रोवून उभ्या असलेल्या पोरीवर आदळली तर चूक घुसणारीची. तो चार्ज. पण उभी राहणारी ऐन वेळी सरकत वाटेत आली असेल तर चूक तिची. तो ब्लॉक. फरक काय तो अर्ध्या पावलाचा. प्रेक्षकांना दोन्ही वेळा आपल्याच पोरीवर अन्याय झालेला दिसतो, तो भाग वेगळा.

म्हणून दोन पंच आपसात वाटणी करून घेतात. एक जण चेंडूच्या पुढे धावत जाऊन रिंगच्या मागे, रेषेबाहेर उभा राहतो. दुसरा खेळाच्या मागून येतो. चेंडू उलट्या दिशेनं फिरला की पुढचा मागचा होतो आणि मागचा पुढचा. रिंगखालची धडक पुढच्यानं बघायची, लांबची मागच्यानं. दोघांच्या शिट्ट्या एकदम वाजल्याच, तर दोघांनी नुसती मूठ वर धरायची, एकमेकांकडे बघायचं आणि ज्याचा इलाखा त्यानं निर्णय द्यायचा. एकानं ब्लॉक दाखवला आणि दुसऱ्यानं चार्ज, तर दोघांचीही अब्रू भर मैदानात जाते. सर नव्या पोरांना बजावून सांगायचे, "आपल्या इलाख्यात कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई, आन् दुसऱ्याच्या इलाख्यात नाक खुपसायचं न्हाई. जवळ उभा हाय त्याचा डोळा खरा."

हे झालं पुस्तकातलं. लातूरला मात्र पुस्तकाच्या बाहेरची एक अडचण होती. विभागाच्या स्पर्धा बहुतेक तिथल्या एका कॉलेजात व्हायच्या आणि त्या कॉलेजचं कोर्ट होतं पूर्व-पश्चिम. उघड्यावरचं कोर्ट उत्तर-दक्षिण आखावं हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण जागा तशी होती, उद्घाटनाला पाहुणे ठरले होते, आणि पाहुण्यांपुढे सूर्याला कोण विचारतो? त्यामुळे दिवस कलला की पूर्वेच्या रिंगमागे उभ्या राहिलेल्या पंचाच्या थेट डोळ्यात ऊन यायचं. हात आडवा धरावा तर खेळाडू खूण समजून थांबायचे.

यावर तोड तामसेकर सरांनीच काढली होती. ऊन खाली आलं की पूर्वेच्या रिंगखालची धडकसुद्धा मागच्या पंचानं बघायची, कारण त्याची पाठ सूर्याकडे असते. पुढच्यानं शिट्टी तोंडात धरायची, पण धडकेवर फुंकायची नाही. कुठल्या नियमात हे बसत नव्हतं आणि कुणी ते लिहूनही ठेवलं नव्हतं. मॅचआधी लिंबाखाली चहा घेताना दोघांत बोलणं व्हायचं, "पूर्वेचं मागच्याचं, बरं का," आणि विभागातले सगळे पंच ते पाळायचे. अनंतराव, जे पुढे संघटनेचे अध्यक्ष झाले, तेही तरुणपणी सरांच्या जोडीनं उतरायचे तेव्हा मैदानातून ओरडायचे, "तामसेकर, सूर्य आला हो, आता तुम्ही बघा!"

वीरेश हा सरांचा शेवटचा शिष्य. उदगीरचा पोरगा, उंचापुरा, गोड बोलणारा. पंचांच्या शिबिरात सरांनी त्याला हेरलं आणि पुढं तो सुट्टी लागली की हदगावला येऊन राहू लागला. ज्ञानेश्वरीबाईंच्या हातच्या भाकरी खायचा आणि संध्याकाळी अंगणात रांजणाला रिंग समजून गुरुशिष्य इकडून तिकडे पळायचे. शेजारी बघून हसायचे. सरांनी काही समजावलं की वीरेश सीमेवरच्या कानडीत हो म्हणायचा, "हौद्री सर!" सरांना पोटचं पोर नव्हतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण वीरेश येणार म्हटलं की ते स्वतः बाजारात जाऊन वांगी निवडून आणायचे, एवढ्यावरून काय ते समजावं.

दरसाल विभागातून एका पंचाचं नाव राज्य स्पर्धेला जातं. सरांचं नाव दरसाल चर्चेत निघायचं आणि दरसाल कुणाच्या तरी मेव्हण्याच्या नावाखाली दबून जायचं. सर नुसते हसायचे. पण पन्नाशी ओलांडली की संघटना नाव पाठवत नाही आणि पन्नाशी आता उंबऱ्यावर आली होती. त्या वर्षी अनंतरावांनी आपण होऊन सांगितलं, "तामसेकर, मुलींची फायनल नीट पार पाडा. या वेळी राज्याला तुम्हीच." एवढ्या वर्षांत सरांनी आपल्यासाठी म्हणून मनात धरलेली ही एकच गोष्ट. मोठ्या मैदानावर, छपराखाली, अनोळखी लोकांसमोर एकदा शिट्टी मारायची. बस्स.

फायनल लातूर आणि नांदेड यांच्यातच पडली. आयुक्तालय कुठं व्हावं इथपासून उसापर्यंत या दोन जिल्ह्यांचं कधी पटलेलं नाही, तेव्हा पोरींच्या बास्केटबॉलवर पटायचं कारण नव्हतं. काटा बरोबर राहावा म्हणून एक पंच नांदेडचा, एक लातूरचा असा रिवाज होता; या वेळी नांदेडकडून सर आणि लातूरकडून उदगीरचा वीरेश. सर आणि वीरेश लिंबाखाली बसले. सर म्हणाले, "पूर्वेचं मागच्याचं." वीरेश म्हणाला, "हौद्री सर." चहा पिऊन दोघं उतरले.

मॅच शेवटाला आली तेव्हा लातूर एका गुणानं पुढं होतं आणि ऊन पार खाली आलं होतं. नांदेडच्या शिवकन्यानं चेंडू घेतला. किनवटच्या वसतिगृहात वाढलेली ही काटक पोरगी पूर्वेच्या रिंगकडे सुसाट निघाली. वीरेश पुढं, रिंगच्या मागे, डोळे बारीक करून उभा. सर मागून धावत. शिवकन्या आत घुसली, तशी लातूरची धम्मप्रिया डावीकडून तिच्या वाटेत सरकली आणि दोघी धाडकन आदळून खाली पडल्या. सरांना धम्मप्रियाचा पाय हलताना स्वच्छ दिसला. त्यांनी शिट्टी मारली, मूठ वर केली आणि सवयीनं वीरेशकडे पाहिलं. वीरेशची मूठ खालीच होती. त्यानं मान किंचित हलवली, म्हणजे द्या. सरांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. ब्लॉक.

शिवकन्यानं त्यावर मिळालेले दोन्ही फ्री थ्रो रिंगमध्ये टाकले आणि नांदेड एका गुणानं जिंकलं. मग जे व्हायचं ते झालं. बाटल्या आल्या, चपला आल्या, सरांच्या आईचा उद्धार झाला. सरांना त्याचं काही वाटलं नाही. हा तर त्यांचा रविवारचा खुराक होता. लातूरच्या कोचनं मात्र अर्ज केला. नांदेडच्या पंचानं दुसऱ्याच्या इलाख्यात घुसून नांदेडला मॅच दिली, असं त्यात होतं, आणि जोडीला कुणीतरी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ. व्हिडिओत पोरींचे पाय दिसत नव्हते, मध्ये गर्दी होती. सर मात्र दिसत होते. लांबून शिट्टी मारणारे, हात कमरेवर ठेवणारे.

चौकशी त्याच कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. अनंतराव मधल्या खुर्चीवर, दोन्ही बाजूंना मान हलवायला एकेक सभासद.

"धडक कुठं झाली, तामसेकर?"

"रिंगखाली."

"रिंगखालची धडक कुणाची?"

"पुस्तकात पुढच्याची. पण साहेब, ऊन खाली आलं होतं. पूर्वेचं मागच्याचं, हे आपल्याकडं सगळेच..."

"आपल्याकडं म्हणजे कुठं?" अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. "मला तर नियमात असं काही आढळत नाही."

याच माणसाचं ते "सूर्य आला हो" ओरडणं अजून सरांच्या कानात होतं. पण अध्यक्षाची खुर्ची मोठी गुणाची. तिच्यावर बसलं की मागचं नेमकं तेवढंच आठवेनासं होतं. शेजारच्या दोघांनीही तशा कितीतरी मॅच काढल्या होत्या. त्यांनी मिठाची गुळणी धरली.

सर घाबरले नाहीत. वीरेश बाहेर बसला होता. तो आत येईल, दोन वाक्यं बोलेल आणि विषय मिटेल, असं त्यांना वाटत होतं. वीरेश आला. त्यानं सरांना वाकून नमस्कारही केला.

अनंतरावांनी विचारलं, "धडक तुम्हाला दिसली होती?"

"दिसली ना, साहेब. अगदी समोर झाली."

"मग शिट्टी का मारली नाही?"

"लातूरची मुलगी स्थिर उभी होती. चार्ज द्यावा की खेळ चालू ठेवावा, एवढा विचार करेपर्यंत सरांची शिट्टी आली."

"आणि हा उन्हाचा प्रकार?"

वीरेशनं खाली पाहिलं. "सर मोठे आहेत. मॅचआधी काही म्हणाले असतील, मी हो म्हणालो असेन. पण इलाखा माझाच होता, साहेब."

आवाज शांत, शब्द मोजके. असं बोलायला सरांनीच त्याला शिकवलं होतं. पंचानं कधी चढ्या आवाजात बोलू नये, लोक त्याला खोटं समजतात. गुरूची विद्या गुरूला फळली ती अशी. तू मान हलवली होतीस, असं सरांनी म्हणायचं? मान हलवल्याला साक्षीदार कुठून आणायचा?

चौकशी बराच वेळ चालली. इलाखा कुणाचा, शिट्टी कुणाची, दोघांत अंतर किती, सगळं खोदून खोदून विचारलं गेलं. पोरीचा पाय हलला होता की नव्हता, हे कुणी एका शब्दानं विचारलं नाही. निकाल मात्र जागेवर ठरला. मॅच नांदेडचीच राहिली, कारण झालेली मॅच फिरवायची तर संघटनेचीच लाज गेली असती. तामसेकर यांना दोन वर्षं पंचगिरीतून बाजूला ठेवलं आणि राज्य स्पर्धेला विभागातर्फे वीरेशचं नाव गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात; इथं तर चोराला वर सत्कारही मिळाला.

घरी आल्यावर सरांनी सगळं सांगितलं. ज्ञानेश्वरीबाईंनी भाकरी थापता थापता ऐकलं. म्हणाल्या, "आपल्या ताटात जेवला तो पोरगा. आन् आता तुम्हालाच उपाशी ठेवून गेला."

"असं नको म्हणू. त्याला दिसलं असंल तसं तो बोलला."

"दिसलं असंल? डोळ्यात ऊन होतं म्हणून तुम्हीच सांगून राहिलात की!"

"ढग आला असंल मधी. पाण्याच्या टाकीची सावली असंल. तो जवळ होता, ज्ञानेश्वरी. मी लांब होतो."

बाई चिडून उठल्या आणि भाकरी करपली. पण सरांचं म्हणणं वरवरचं नव्हतं. इतक्या शांतपणे वीरेश खोटं बोलेल, हे त्यांना पटतच नव्हतं. मग उरतं काय? एवढंच, की पाय हललाच नव्हता. जवळ उभा त्याचा डोळा खरा, हे त्यांचंच वाक्य. आयुष्यभर दुसऱ्यांना पाजलेलं औषध त्यांनी आता स्वतः घोट घोट घ्यायला सुरुवात केली. डोळे मिटले की ती धडक समोर यायची. आधी पाय हललेला दिसायचा. मग हलला की नाही, असं व्हायचं. पुढं पुढं पाय जागच्या जागी दिसायला लागला आणि तसा तो दिसला तेव्हा सरांना वाईट वाटायच्या ऐवजी जरा हलकं वाटलं. चूक आपली, शिक्षा आपल्याला. हिशेब जुळत होता आणि वीरेश वीरेशच राहत होता. माणूस आपलं माणूस वाचवायला काय काय विकतो! सरांनी आपले डोळे विकले.

दोन वर्षांची बंदी संघटनेची होती, शाळेची नव्हती. पण सरांनी शाळेतही धडकेवर शिट्टी मारायचं सोडलं. सरावात दोन पोरं आदळली आणि "सर, ब्लॉक की चार्ज?" असं ओरडली की सर म्हणायचे, "पुन्हा खेळा." पोरांना वाटायचं, सरांचं आता लक्ष नाही. बंदी संपली तेव्हा सर पन्नाशीच्या पलीकडे गेले होते. वीरेश राज्याच्या पुढं देशपातळीवर गेल्याचं पेपरात आलं. त्याचा फोन कधी आला नाही. सरांनीही केला नाही, पण पेपरातला फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि उभा राहायची ढब चांगली आहे असं बायकोला सांगितलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सर शाळेची पोरं घेऊन नांदेडला गेले. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या. एक पंच आला नव्हता, म्हणून संयोजक सरांना शोधत आले. "सर, एवढी एक मॅच काढा." सरांनी हात जोडले. "न्हाई हो. नजर गेली आता माझी." संयोजक गेले. सर पायरीवर बसून राहिले.

गुणलेखकांच्या टेबलावर कॉलेजच्या काही मुली मदतीला होत्या. त्यातली एक उठून सरांजवळ आली. "सर, ओळखलं का?"

सरांनी पाहिलं. चेहरा कुठंतरी बघितलेला होता.

"मी धम्मप्रिया. लातूरची. नर्सिंगला हाय आता इथं. तुम्ही माझ्यावर ब्लॉक दिला होता, फायनलला."

सर सरसावून बसले. "बस, बाई. त्या मॅचला लई दिवस झाले. माझं चुकलं असंल तर..."

"चुकलं? न्हाई सर!" ती घाईनं म्हणाली. "तुम्ही आत्ता त्या साहेबांना नजर गेली म्हणालात ना, ते ऐकूनच आले मी. पाय माझा हालला होता. शिवकन्या आत घुसली तवा मी सरकले. वाटलं, टायमावर पोचीन. न्हाई पोचले. तुम्ही बरोबर दिलं होतं, सर."

मैदानावर शिट्टी झाली, पोरं ओरडली. सरांचं तिकडं लक्ष गेलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "हे तू तवा कुणाला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. आमच्या कोचला सांगितलं, तर ते म्हणले, तोंड बंद ठेव, अर्ज जाऊन राहिलाय. मग वीरेश सरला सांगितलं. मॅच झाल्यावर नळावर तोंड धूत होते ते. म्हणलं, सर, लोकं तामसेकर सरला उगाच शिव्या देऊन राहिलेत, पाय माझाच हालला."

"मग? काय म्हणला वीरेश?"

धम्मप्रिया हसली. सरांना ऐकून बरं वाटेल, याची तिला खात्री होती. "ते म्हणले, मला कायबी दिसलं न्हाई बाई, समदं ऊन डोळ्यात होतं. पण तामसेकर सरांनी दिलंय म्हणजे बरोबरच असणार."

म्हणजे ढग नव्हता. टाकीची सावली नव्हती. पोराला काही दिसलं नव्हतं, दिसलं नव्हतं हे त्याला माहीत होतं, आणि सरांचा डोळा खरा आहे हेही माहीत होतं. एवढं सगळं माहीत असताना तो हॉलमध्ये आला, वाकून नमस्कार केला आणि शांत आवाजात बोलला. आपली चूक झाली असती तर किती बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. चुकीवर माणूस उरलेलं आयुष्य काढू शकतो. यावर कसं काढायचं?

"सर, पाणी आणू का?" धम्मप्रिया घाबरली.

"नको." सरांनी तिच्याकडं पाहिलं. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. "बाई, नक्की हालला होता का गं पाय?"

"हाव सर."

"नीट आठव. एकदा न्हाई म्हण की."

तिला काही समजेना. ती बावरून त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग त्यांची समजूत काढावी तशी हळू आवाजात म्हणाली, "पण सर, खरंच हालला होता."